रेषीय समीकरणाचा आलेख : बिंदूंपासून रेषेपर्यंत

दोन चलांतील रेषीय समीकरणाची प्रत्येक उकल आलेखकागदावर एका बिंदूने दाखवता येते, आणि असे सगळे बिंदू एकाच सरळ रेषेवर येतात. शालेय बीजगणित आणि भूमिती यांची खरी ओळख येथे होते. या एका कल्पनेवर पुढे एकसामयिक समीकरणे, चढ, निर्देशक भूमिती, भौतिकशास्त्रातील अंतर-काळ आलेख आणि अर्थशास्त्रातील मागणी-पुरवठ्याच्या रेषा उभ्या राहतात. तरीही अनेक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आलेख हा कोष्टक भरून पट्टीने रेघ ओढण्याचा एक विधी असतो. रेघ कशाची आहे, हे विचारले की उत्तर मिळत नाही.

यामागे अभ्यासक्रमाचेही एक कारण आहे. एका समीकरणाचा आलेख नववीत आणि दोन समीकरणांचे आलेख एकत्र काढून त्यांची उकल शोधणे दहावीत, असा क्रम एनसीईआरटीच्या पुस्तकांत अनेक वर्षे होता. २०२२ साली अभ्यासक्रमाचा भार हलका करताना नववीच्या पुस्तकातून आलेखाचा भाग वगळण्यात आला. दहावीच्या पुस्तकातील आलेख पद्धत मात्र कायम राहिली. गोव्यासह जेथे जेथे ही पुस्तके चालतात, तेथे मधली पायरी काढलेल्या जिन्यासारखी अवस्था झाली. वरच्या पायरीवर पाय ठेवण्यापूर्वी खालची पायरी शिक्षकांना किंवा पालकांना स्वतःच बसवावी लागते. त्यात भाषेचीही अडचण आहे. प्राथमिक शिक्षण मराठीत आणि माध्यमिक इंग्रजीत घेणाऱ्या मुलाला ‘प्लॉट’, ‘स्केल’, ‘ओरिजिन’ हे शब्द एकदम भेटतात. त्यांच्या मागचे मांडणे, प्रमाण आणि आरंभबिंदू हे साधे अर्थ कोणी उलगडून सांगितलेले नसतात.

समीकरण एक, उत्तरे अगणित

क्ष + ५ = ९ या समीकरणाला एकच उत्तर आहे. विद्यार्थ्याची सवय अशाच समीकरणांवर घडलेली असते, त्यामुळे दोन चले असलेले समीकरण समोर आले की तो त्याचेही ‘ते’ एक उत्तर शोधू लागतो. पहिला अडथळा हाच असतो, आणि तो आलेखाच्या आधी दूर व्हावा लागतो.

समजा, एका वहीची किंमत ३० रुपये आणि एका पेनाची २० रुपये आहे, आणि खरेदी बरोबर १२० रुपयांची करायची आहे. वह्यांची संख्या क्ष आणि पेनांची संख्या य मानली, तर ३०क्ष + २०य = १२० हे समीकरण मिळते. दोन्ही बाजूंना १० ने भागले की ते ३क्ष + २य = १२ असे सुटसुटीत होते. एकही वही न घेता ६ पेने घेता येतील. २ वह्या आणि ३ पेने घेता येतील. किंवा नुसत्या ४ वह्या. यांतले कोणतेही उत्तर दुसऱ्यापेक्षा अधिक बरोबर नाही. प्रत्येक उत्तर ही संख्यांची एक जोडी आहे आणि जोडीतला क्रम महत्त्वाचा आहे : (२, ३) म्हणजे २ वह्या व ३ पेने, (३, २) म्हणजे ३ वह्या व २ पेने, ज्यांची किंमत १३० रुपये होते. म्हणूनच अशा जोडीला ‘क्रमित जोडी’ म्हणतात.

दुकानातली गोष्ट बाजूला ठेवून फक्त समीकरण पाहिले, तर क्ष ला कोणतीही संख्या देता येते. क्ष = १ घेतला तर य = ४.५ येतो; क्ष = −२ घेतला तर य = ९. अर्धे पेन कोणी विकत नाही आणि उणे दोन वह्या कोणी घेत नाही, पण समीकरणाला त्याचे काही नाही. वास्तव संख्यांच्या जगात ३क्ष + २य = १२ या समीकरणाच्या उकली अनंत आहेत. पूर्ण संख्यांत उकली शोधण्याचा प्रश्न वेगळा, आणि भारतीय गणितात तो फार जुना आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये रचलेल्या ‘आर्यभटीया’त अशा समीकरणांच्या पूर्णांक उकली काढण्याची रीत आहे, पुढे ती ‘कुट्टक’ या नावाने ओळखली गेली. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी तिचे सविस्तर विवेचन केले. त्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. मात्र या सर्व परंपरेत उकली संख्यांच्या रूपात राहिल्या. त्यांना एका चित्रात बसवण्याची कल्पना नंतर युरोपात आली.

कागदाला पत्ता देणे

ही कल्पना सतराव्या शतकातली. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या भूमितीवरील प्रबंधात वक्र रेषांचे वर्णन समीकरणांनी केले. त्याच सुमारास पियेर द फर्मा हाही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षापर्यंत पोहोचला होता. देकार्तच्या नावावरून आज या पद्धतीला ‘कार्तेशियन’ म्हटले जाते, पण शाळेतल्या आलेखकागदासारखे काटकोनात छेदणारे दोन अक्ष आणि धन-ऋण बाजू त्याच्या पुस्तकात आजच्या रूपात सापडत नाहीत. ते रूप पुढच्या गणितज्ञांच्या हातून घडले. अंथरुणात पडल्या पडल्या छतावरची माशी पाहून देकार्तला निर्देशक सुचले, ही गोष्ट वर्गात रंगवून सांगितली जाते. ती गोड आहे, पण तिला विश्वासार्ह आधार नाही.

पद्धत अशी. कागदावर एक आडवी व एक उभी रेषा काढतात. आडवा तो क्ष-अक्ष, उभा तो य-अक्ष, आणि ते जेथे छेदतात तो आरंभबिंदू, (०, ०). आरंभबिंदूपासून उजवीकडे क्ष धन, डावीकडे ऋण. वर य धन, खाली ऋण. अक्षांमुळे प्रतलाचे चार भाग पडतात, त्यांना चरण म्हणतात. (२, ३) हा बिंदू मांडायचा तर आरंभबिंदूपासून उजवीकडे २ एकक जायचे आणि तेथून वर ३ एकक. या दोन संख्यांना बिंदूचे निर्देशक म्हणतात. जुन्या मराठी पुस्तकांत पहिल्याला ‘भुज’ आणि दुसऱ्याला ‘कोटी’ म्हटलेले आढळते. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंची ही प्राचीन नावे आहेत, आणि ती येथे नेमकी बसतात. कारण बिंदूपर्यंतचा हा आडवा-उभा प्रवास म्हणजे काटकोनाच्या दोन भुजाच.

येथे एक चूक फार वेळा होते. (०, ६) हा बिंदू मांडताना विद्यार्थी क्ष-अक्षावर ६ पाशी खूण करतो, कारण शून्य म्हणजे ‘काही नाही’ आणि म्हणून फक्त सहाचाच विचार करायचा, असे त्याला वाटते. उपाय सोपा आहे : शून्यही मोठ्याने वाचायचे. ‘आडवे शून्य पावले, वर सहा पावले.’ बिंदू आपोआप उभ्या अक्षावर येतो.

कोष्टक भरण्याची कला

३क्ष + २य = १२ याचा आलेख काढण्यासाठी य एकटा करून घेणे सोयीचे : २य = १२ − ३क्ष, म्हणजे य = (१२ − ३क्ष) ÷ २. आता क्ष ला हव्या त्या किमती देऊन य काढायचा. किंमत निवडण्याचे स्वातंत्र्य येथे पूर्णपणे विद्यार्थ्याचे आहे, आणि नेमके तेच त्याला गोंधळात टाकते. ‘क्ष ची किंमत किती घ्यायची?’ हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. कोणतीही घेतली तरी चालते. पण शहाणपणाने घेतली तर काम हलके होते. येथे २ ने भागायचे आहे, म्हणून क्ष ला सम संख्या दिल्या तर य पूर्णांक येतो. क्ष = १ घेणे चूक नाही, पण ४.५ हा बिंदू दोन रेघांच्या मध्ये मांडावा लागतो.

क्ष = ० असता य = ६. क्ष = २ असता य = ३. क्ष = ४ असता य = ०. क्ष = −२ असता १२ − ३ × (−२) = १२ + ६ = १८, आणि त्याचे निम्मे ९. तेव्हा बिंदू मिळाले ते (−२, ९), (०, ६), (२, ३) आणि (४, ०). हे चारही बिंदू कागदावर मांडून पट्टी लावली की ते एका ओळीत आलेले दिसतात.

रेषा निश्चित करायला दोन बिंदू पुरतात, हे भूमितीत शिकवलेले असते. मग तिसरा कशासाठी? पडताळ्यासाठी. समजा, वरच्या गणितात एखाद्याने उणे गुणिले उणे विसरून १२ − ६ = ६ केले आणि (−२, ३) हा बिंदू मांडला. त्याच्याकडे फक्त (−२, ३) आणि (०, ६) हे दोनच बिंदू असतील, तर त्यांतून एक सुबक सरळ रेषा जाईल आणि ती पूर्णपणे चुकीची असेल. मूळ रेषा उजवीकडे उतरते, ही चढेल. दोन बिंदू कधीही भांडत नाहीत. तिसरा बिंदू (२, ३) मांडताच तो रेषेबाहेर पडतो आणि कोठेतरी चूक झाली हे उघड होते. अशा वेळी तीन बिंदूंच्या ‘साधारण मधून’ रेषा ओढण्याचा मोह होतो, तो टाळावा. प्रयोगशाळेतल्या मोजमापांना तसे करता येते, कारण त्यांत लहानमोठा फरक राहणारच. समीकरणाच्या बिंदूंना ती सवलत नाही. बिंदू रेषेवर नसेल तर एकतर आकडेमोड चुकली आहे, नाहीतर मांडणी.

आणखी एक बारीक गोष्ट : बिंदू एकमेकांपासून दूर असावेत. एक सेंटीमीटर अंतरावरच्या दोन बिंदूंतून रेषा ओढताना पट्टी केसभर हलली, तरी दहा सेंटीमीटरवर ती रेषा बरीच भरकटते. पेन्सिलीला टोक हवे, बिंदू ठिपक्याएवढाच हवा, आणि रेषा शेवटच्या बिंदूवर न थांबवता पुढे नेऊन तिच्या दोन्ही टोकांना बाण दाखवावेत. कारण उकली तेथे संपत नाहीत.

सरळच का?

पाठ्यपुस्तके हा प्रश्न बहुधा ओलांडून जातात. ‘आलेख सरळ रेषा येतो’ असे सांगितले जाते आणि चार बिंदूंवरून मुलाने विश्वास ठेवायचा असतो. पण चार बिंदू ओळीत आले म्हणून पाचवाही येईल, याची हमी काय? आणि बिंदूंच्या मधल्या मोकळ्या जागेत काय आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय रेघ ओढणे हा केवळ अंदाज ठरतो.

वरचे कोष्टक पुन्हा पाहावे. क्ष दर वेळी २ ने वाढतो तेव्हा य दर वेळी ३ ने घटतो : ९, ६, ३, ०. याचे कारण समीकरणातच आहे. ३क्ष आणि २य यांची बेरीज नेहमी १२ राहायची, तर क्ष २ ने वाढून ३क्ष मध्ये पडलेली ६ ची भर २य ने ६ ने कमी होऊन भरून काढली पाहिजे. क्ष कोठेही असो, शून्यापाशी किंवा हजारापाशी, ही भरपाई तेवढीच राहते. कागदावर याचा अर्थ असा की प्रत्येक बिंदूपासून पुढच्या बिंदूकडे जाणारी पायरी सारखीच : २ उजवीकडे, ३ खाली. सगळ्या पायऱ्यांचे काटकोन त्रिकोण एकरूप, म्हणून त्यांचे कर्ण एकाच कलाचे. एका बिंदूतून दुसऱ्याकडे, दुसऱ्यातून तिसऱ्याकडे जाताना दिशा कधीच बदलली नाही, तर वाट सरळच असणार. लहान पायरी घेतली, १ उजवीकडे आणि १.५ खाली, तर त्रिकोण लहान पण समरूप, आणि कल तोच. हाच कल पुढे ‘चढ’ या नावाने भेटतो. येथे तो −३/२ आहे.

मधल्या जागेचे उत्तरही असेच मिळते. (०, ६) आणि (२, ३) यांचा मध्यबिंदू (१, ४.५). समीकरणात घातला तर ३ + ९ = १२. तो योगायोग नाही. दोन बिंदूंसाठी ३क्ष + २य ची किंमत प्रत्येकी १२ असेल, तर मध्यबिंदूसाठी ती त्या दोन किमतींची सरासरी, म्हणजे पुन्हा १२ येणार. मध्याचा मध्य घेत गेले तरी तेच. उलट, रेषेबाहेरचा एखादा बिंदू घेतला, उदाहरणार्थ (२, ४), तर ६ + ८ = १४ येते. म्हणजे रेषेवरचा प्रत्येक बिंदू उकल आहे आणि रेषेबाहेरचा एकही नाही. आलेख या शब्दाचा पूर्ण अर्थ हा आहे, आणि त्याची दुसरी बाजूही पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

सरळपणा हा रेषीय समीकरणाचाच गुण आहे, हे पटण्यासाठी य = क्ष² शेजारी मांडून पाहावे. बिंदू येतात (०, ०), (१, १), (२, ४), (३, ९). क्ष प्रत्येक वेळी १ ने वाढतो, पण य ची वाढ १, ३, ५ अशी बदलत जाते. पायऱ्या सारख्या नाहीत, म्हणून रेषा वळते. ज्या मुलाने हे दोन आलेख एकाच कागदावर स्वतः काढले, त्याला ‘रेषीय’ या शब्दाचे स्पष्टीकरण वेगळे द्यावे लागत नाही.

अक्षांना समांतर आणि आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषा

य = ३ या समीकरणात क्ष दिसतच नाही. विद्यार्थी विचारतो, मग क्ष ची किंमत काय? उत्तर : वाटेल ती. (−४, ३), (०, ३), (५, ३) सगळे बिंदू चालतात आणि क्ष-अक्षाला समांतर अशी आडवी रेषा मिळते. क्ष = −२ ची रेषा उभी येते, य-अक्षाला समांतर. ‘क्ष म्हणजे आडवा अक्ष, म्हणून क्ष = −२ ही आडवी रेषा’ हा गैरसमज पाठांतराने जात नाही; दोन-तीन बिंदू मांडले की जातो.

अक्षांवरचे दोन बिंदू काढून आलेख पूर्ण करण्याची एक झटपट रीत आहे : आधी क्ष = ० ठेवायचा, मग य = ०. ३क्ष + २य = १२ साठी (०, ६) आणि (४, ०) लगेच मिळतात. पण य = २क्ष साठी ही रीत फसते. दोन्ही वेळा (०, ०) हाच बिंदू येतो, आणि एका बिंदूतून रेषा ठरत नाही. समीकरणात स्थिर संख्या नसली की रेषा आरंभबिंदूतून जाते. अशा वेळी दुसरी कोणतीही किंमत घेऊन आणखी एक-दोन बिंदू काढावे लागतात.

प्रमाण

आलेखकागदावर उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण : १ सेमी = १ एकक’ असे लिहिण्याची पद्धत आहे, आणि ती औपचारिकता समजून सगळीकडे तेच लिहिले जाते. संख्या मोठ्या असल्या की ही सवय अडचणीत आणते. तापमानाचे उदाहरण घ्यावे. सेल्सिअस अंश क्ष आणि फॅरनहाइट अंश य मानले, तर य = १.८क्ष + ३२. बिंदू येतात (०, ३२), (१०, ५०), (२०, ६८), (४०, १०४). एका सेंटीमीटरला एक अंश धरला तर एक मीटरहून उंच कागद लागेल. म्हणून आडव्या अक्षावर १ सेमी = १० अंश आणि उभ्या अक्षावर १ सेमी = २० अंश असे प्रमाण घेता येते. दोन अक्षांवर दोन वेगळी प्रमाणे चालतात. मात्र दोन्ही लिहिलेली असली पाहिजेत, आणि एकाच अक्षावर प्रमाण मध्येच बदलता येत नाही. प्रमाण बदलले की रेषा डोळ्याला कमी-जास्त उभी दिसते, पण तिच्यावरचे बिंदू तेच राहतात. वृत्तपत्रांतले आणि दूरचित्रवाणीवरचे आलेख वाचताना ही गोष्ट लक्षात असलेली बरी : किरकोळ वाढ कड्यासारखी दाखवायला आकडे खोटे लिहावे लागत नाहीत, उभ्या अक्षाचे प्रमाण ताणले की पुरते.

याच कागदावर य = क्ष ही रेषा काढली आणि दोन्ही रेषा खाली-डावीकडे वाढवत नेल्या, तर त्या (−४०, −४०) या बिंदूत भेटतात. उणे ४० अंश सेल्सिअस आणि उणे ४० अंश फॅरनहाइट हे एकच तापमान आहे.

दोन रेषा, आणि त्यांचा छेद

एका रेषेवरचा प्रत्येक बिंदू एका समीकरणाची उकल असेल, तर दोन रेषांचा छेदनबिंदू दोन्ही समीकरणांची उकल असणार. दहावीची आलेख पद्धत एवढ्यावरच उभी आहे. क्ष + य = ५ साठी (०, ५), (२, ३), (५, ०) आणि २क्ष − य = ४ साठी (०, −४), (२, ०), (४, ४) हे बिंदू मांडले, तर रेषा (३, २) मध्ये छेदतात. पडताळा : ३ + २ = ५ आणि ६ − २ = ४.

रेषा छेदल्याच नाहीत तर? ३क्ष + २य = १२ आणि ६क्ष + ४य = १२ या रेषा समांतर आहेत; दुसऱ्या समीकरणाला २ ने भागले की ३क्ष + २य = ६ उरते, आणि एकच बेरीज एकाच वेळी १२ आणि ६ असू शकत नाही. उजवी बाजू १२ ऐवजी २४ असती, तर दोन्ही रेषा एकच ठरल्या असत्या आणि उकली अनंत राहिल्या असत्या. समीकरणे सोडवताना चले नाहीशी होऊन ‘० = ६’ असे काहीतरी उरते तेव्हा विद्यार्थी घाबरून खोडरबर घेतो; चित्र समोर असेल तर तेथे चूक नसून समांतर रेषा आहेत, हे त्याला कळते.

पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. क्ष + य = ४ आणि २क्ष − य = ३ यांची उकल क्ष = ७/३, य = ५/३ अशी आहे. आलेखावरून ती फार तर २.३ आणि १.७ अशी वाचता येईल, आणि पडताळा घेतला तर ४.६ − १.७ = २.९ येते, ३ नव्हे. अचूक उत्तरासाठी बीजगणितच हवे. आलेख उत्तर कोठे आहे आणि ते आहे की नाही, हे सांगतो; बीजगणिताने काढलेले उत्तर भलतेच आले असेल तर तेही तो दाखवून देतो.

कोकण रेल्वेचा आलेख

दोन रेषांच्या छेदाला जिवावरचे महत्त्व कोठे असते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण मार्गावर सुरू झालेली कोकण रेल्वे आजही बहुतांशी एकेरी आहे. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडायचे, तर एकीला स्थानकातल्या लूप मार्गावर घ्यावे लागते. अशी क्रॉसिंगे आखण्याचे भारतीय रेल्वेतील पारंपरिक साधन म्हणजे काळ-अंतराचा आलेख : एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्थानके, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेषा. सेक्शन कंट्रोलर गाडी कोणत्या स्थानकातून केव्हा सुटली, हे अशा तक्त्यावर बिंदूंनी नोंदवत आणि ते जोडत आले आहेत. आता बरेचसे काम संगणकाच्या पडद्यावर होते, चित्र तेच.

समजा, दोन स्थानकांत १२० किलोमीटर अंतर आहे. पहिल्या स्थानकातून सकाळी ६ वाजता एक गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने निघते. दुसऱ्या टोकाकडून ६.३० वाजता दुसरी गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने निघते. ६ वाजल्यापासूनचे तास क्ष आणि पहिल्या स्थानकापासूनचे किलोमीटर य मानले, तर पहिल्या गाडीसाठी य = ६०क्ष; बिंदू (०, ०), (१, ६०), (२, १२०). दुसरीसाठी य = १४० − ४०क्ष; बिंदू (०.५, १२०), (१, १००), (२, ६०). पहिली रेषा चढते, दुसरी उतरते; वेगवान गाडीची रेषा अधिक उभी. त्या छेदतात तेथे ६०क्ष = १४० − ४०क्ष, म्हणजे क्ष = १.४ तास आणि य = ८४ किलोमीटर. अर्थात ७ वाजून २४ मिनिटांनी, ८४ व्या किलोमीटरवर.

त्या जागी स्थानक नसेल तर हे वेळापत्रक चालणारच नाही. रेषांचा छेद स्थानकाच्या आडव्या रेषेवर आणावा लागेल. त्यासाठी एका गाडीला आधीच्या स्थानकात थांबवतात. थांबलेल्या गाडीची वेळ पुढे जाते आणि अंतर तेच राहते, म्हणून तेवढ्यापुरती तिची रेषा आडवी होते : य = ३ सारखीच. दुसऱ्या गाडीच्या समीकरणाचा तिच्या सुटण्यापूर्वीचा भागही निरर्थक आहे; क्ष = ० ठेवला तर ती १४० व्या किलोमीटरवर येते, जेथे ती कधीच नव्हती. वही-पेनांच्या आलेखात जसे (०, ६), (२, ३) आणि (४, ०) हे तीनच बिंदू खऱ्या खरेदीचे होते, तसेच हे. रेषा समीकरणाची असते. तिचा कोणता तुकडा खऱ्या व्यवहारात लागू आहे, हे मूळ प्रश्न वाचून ठरवावे लागते, आणि शाब्दिक उदाहरणांत गुण जातात ते बहुधा येथेच.

संगणक आणि हात

जिओजेब्रा किंवा देस्मॉससारख्या मोफत साधनांत समीकरण टंकले की रेषा क्षणात उमटते. सहगुणक बदलला की रेषा कशी फिरते हे पाहण्यासाठी त्यांच्याइतके चांगले साधन नाही. पण सुरुवात तेथून केली, तर रेषा ही बिंदूंची बनलेली आहे आणि प्रत्येक बिंदू हे एक उत्तर आहे, ही गोष्ट नजरेआड होते. गंमत म्हणजे वक्र रेषा काढताना अशी साधनेही बहुधा तेच करतात जे मूल कागदावर करते : किमती घेतात, बिंदू काढतात आणि जोडतात. फक्त चारच्या जागी शेकडो.

घरी सरावासाठी पाच-सहा समीकरणे पुरेशी आहेत, मात्र ती विचारपूर्वक निवडावीत. क्ष + य = ७ हे सुरुवातीला, कारण त्यात आकडेमोड जवळजवळ नाही. २क्ष − य = १ मध्ये चिन्ह सांभाळावे लागते; बिंदू (०, −१), (१, १), (३, ५). क्ष + ३य = ६ मध्ये क्ष ला ३ च्या पटी द्याव्यात, किंवा य ला किमती देऊन क्ष काढावा; बिंदू (−३, ३), (०, २), (६, ०). य = −२क्ष आरंभबिंदूतून जाते. क्ष = ४ उभी, २य + ५ = ० आडवी, आणि शेवटचीचा य = −२.५ हा दोन रेघांच्या मध्ये येतो. प्रत्येक आलेख झाल्यावर मुलाला रेषेवरचा एक नवाच बिंदू बोटाने दाखवायला सांगावा, त्याचे निर्देशक वाचून घ्यावेत आणि समीकरणात घालून पाहायला लावावेत. मग रेषेबाहेरचा एक.